२८ लिटरचा ओटीजी आणि फ्लॉवरचे दीडशे तुरे

ओव्हन पारखायचा असेल तर त्यात फ्लॉवर भाजून बघावा. केक बहुतेक ओव्हनमध्ये बरा होतो, नानकटाईही होते. फ्लॉवरच्या तुऱ्यात मात्र शंभरातले नव्वदहून जास्त भाग पाणीच असतं. ते तापलं की वाफ होते, आणि ती वाफ बाहेर पडली नाही तर वरचं पीठ कितीही निगुतीनं केलेलं असो, ओलसर आणि चिकटच राहतं. गेलं दीड वर्ष आमच्या २८ लिटरच्या ओटीजीत (ओव्हन-टोस्टर-ग्रिलरमध्ये) मी हे पिठात बुडवून भाजलेले कुरकुरीत तुरे करतोय. परवा ३१ डिसेंबरला सोसायटीच्या गच्चीवर २६ माणसांसाठी केले आणि मग ठरवलं, आता लिहायला हरकत नाही.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. याच मापाचे, याच घडणीचे चार-पाच ओव्हन बाजारात मिळतात: वर-खाली कॉइल, मागे पंखा, पुढे तीन गोल बटणं, ६० मिनिटांचा चावीचा टायमर. मी सांगतोय त्यातलं बरंचसं त्या सगळ्यांना लागू पडेल. आम्हाला साडेआठ हजारांना पडला.

मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडचा निदेशक होतो, त्यामुळे वस्तू घरात आली की आधी पिन बघायची सवय. हा १५०० वॅटचा आहे. २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर ओढतो. पिन जाड, १६ अँपिअरची. स्वयंपाकघरात मिक्सरचा साधा ६ अँपिअरचा सॉकेट असतो, त्यात अडॅप्टर लावून हा चालवणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. पाऊण-एक तास सलग चालणारी वस्तू आहे, सॉकेट आतून भाजतो आणि कळतही नाही. फ्रिज किंवा गीझरसारखा स्वतंत्र पॉवर पॉइंट असेल तरच घ्या, नाहीतर दुकानात पैसे देण्याआधी वायरमनला बोलवा.

आता तापमानाचं. बटण २०० वर ठेवलं म्हणजे आत २०० झालं, असं समजून मी पहिले दोन महिने घालवले. तुरे वरून पिवळट, खालून ओले. मग ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर आणला, चारशे रुपयांचा, आणि जाळीच्या मधोमध ठेवून काचेतून वाचत बसलो. बटण २०० वर असताना आत १६५ ते १९० च्या मध्ये हेलकावे. यात बिघाड काही नाही. आत दोन धातूंची पट्टी असते, ती तापून वाकली की कॉइलचा पुरवठा तुटतो, निवली की जुळतो. ‘टक’ असा आवाज येतो आणि लाल दिवा विझतो तो हाच. पण आमच्या ओव्हनचं बटण २५ अंशांनी पुढारलेलं आहे हे एकदा कळल्यावर मी ते २२५ वर ठेवायला लागलो, आणि त्या दिवसापासून तुऱ्यांना रंग यायला लागला. ओव्हन घेणाऱ्या प्रत्येकानं हे चारशे रुपये त्याच दिवशी खर्च करावेत. मागची डावी बाजूही जास्त तापते, म्हणून अर्ध्यात जाळी फिरवून ठेवावी लागते.

या ओव्हनची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे पंखा. पंख्याशिवाय, नुसत्या दोन्ही कॉइलवर केले तर ३५ मिनिटांनीही बुडं ओली राहतात, कारण तुऱ्यातून निघालेली वाफ त्याच्याच भोवती रेंगाळते. पंखा ती हलवतो. आणि ओटीजीच्या दाराला रबर नसतं, कडेला बारीक फट राहते, हे इथे उपयोगीच पडतं. ब्रेड करणारे त्या फटीवर नाराज असतात, त्यांना वाफ आत हवी असते. मला ती बाहेर हवी. बाराव्या मिनिटाला मी दार दहा सेकंद पूर्ण उघडतो. पहिल्या खेपेला चष्म्याच्या काचा एकदम पांढऱ्या होतात, इतकी वाफ आत कोंडलेली असते. तेवढी एकदा गेली की पुढच्या पाच-सात मिनिटांत वरचा पापुद्रा कसा घट्ट होत जातो ते काचेतून बघण्यासारखं असतं: आधी कडा बदामी, मग दाणे वेगळे दिसायला लागतात.

सोबत आलेला ट्रे मात्र या कामाला निरुपयोगी. पातळ ॲल्युमिनियमचा आहे, तापला की ‘टण्’ करून एका कोपऱ्यात उचलला जातो आणि तुरे घरंगळून एकमेकांना चिकटतात. शिवाय ट्रेवर ठेवलेल्या तुऱ्याची वाफ खाली अडते. सोबतच्या जाळीची भोकं एवढी मोठी की बारीक तुरे त्यातून खाली. मी केक निववायची बारीक स्टीलची जाळी आणली, ती ट्रेवर ठेवतो आणि तुरे तिच्यावर मांडतो. खालूनही वारा लागतो. एवढ्याशा बदलानं निम्मा फरक पडला.

हे सगळं आमच्या घरात सुरू कसं झालं तेही सांगतो. सौ.ला गाडीवरचं गोबी मंचुरियन अतिशय आवडायचं. माझी धाकटी बहीण गोव्यात म्हापशाला असते. तिकडच्या नगरपालिकेनं २०२४ च्या सुरुवातीला स्टॉलवरच्या गोबी मंचुरियनवर बंदी घातली, तेव्हा तिनं फोन करून सांगितलं. पाठोपाठ मार्चमध्ये कर्नाटक सरकारनं त्यात घालायच्या कृत्रिम रंगांवर बंदी आणली. बंदी घातलेल्यांत ऱ्होडामाइन-बी होता, तो कापड रंगवायचा रंग. त्यानंतर तो लालभडक वाडगा आमच्या घरात आला नाही. मला तळलेलं कमी करायला डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण फ्लॉवर सोडायचा का? मला ते पटत नव्हतं.

वरच्या कुरकुरीत थराची युक्ती बहिणीचीच. त्यांच्याकडे बांगड्याला, सुरमईला रवा लावून तव्यावर भाजतात. मी म्हटलं, फ्लॉवरला लावून बघतो. ती म्हणाली, “दादा, नुसता रवा लावून ओव्हनात टाकशील तर पांढराच्या पांढरा राहील. तव्यावर त्याला तेल मिळतं, ओव्हनात कुठून मिळणार? आधी रव्यालाच तेलाचा हात लाव.” अगदी खरं निघालं. कोरडा रवा २०० अंशांतही कच्चा, दाताखाली वाळूसारखा लागतो. तेल चोळलेला रवा तळल्यासारखा होतो. मी त्यात आमच्या नाशिकच्या चिवड्याचे पातळ पोहे मिसळले. पोहे कढईत नुसते गरम करून हातानं भरड चुरायचे, मिक्सरला लावायचे नाहीत. वाटीभर पोह्यांचा चुरा, अर्धी वाटी बारीक रवा, तीन चमचे शेंगदाण्याचं तेल. बोटांनी चोळायचं, प्रत्येक कणाला ओल लागल्यासारखी वाटेपर्यंत. एवढं साधारण ५० तुऱ्यांना पुरतं.

फ्लॉवर मी बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बाजारातून आणतो. गड्डा पांढरा, घट्ट आणि हातात जड लागला पाहिजे. विस्कटलेला, पिवळसर गड्डा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, त्याचे तुरे भाजताना भुगा होतात. तुरे लिंबाएवढे काढायचे, प्रत्येकाला थोडा देठ ठेवून, म्हणजे धरायला बरं. मीठ-हळदीच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं, अळ्या असल्या तर वर येतात. त्यानंतर जुन्या सुती पंचावर पसरून पंख्याखाली तासभर. हा तास वाचवायला जाऊ नका. खाचांत राहिलेलं पाणी नंतर ओव्हनमध्ये तुमच्याशी भांडतं.

पीठ सरबरीत, पण भज्यापेक्षा दाट. तांदळाची पिठी चार मोठे चमचे, कॉर्नफ्लोअर चार, बेसन दोन. बेसन वाढवलं की थर जाड आणि मऊ होतो. घट्ट दही तीन चमचे, आलं-लसूण-हिरव्या मिरचीचा ठेचा, हळद, तिखट, चिमूटभर ओवा, लागेल तसं पाणी. मीठ अगदी शेवटी घालायचं आणि तुरे पिठात बुडवले की लगेच पोहे-रव्यात घोळवून जाळीवर घ्यायचे. मीठ लागलेला फ्लॉवर पाणी सोडायला लागतो. पाव तास तसाच ठेवला तर पीठ पातळ होऊन ओघळलेलं दिसतं.

गच्चीवरच्या दिवशी तीन मोठे गड्डे लागले. दीडशे तुरे झाले. एका जाळीवर बोटभर अंतर ठेवून ३८ मावतात, म्हणजे चार घाणे. दोन मजल्यांवर दोन जाळ्या ठेवून वेळ वाचवायचा प्रयत्न मी आधी करून पाहिला होता. वरचे छान होतात आणि खालचे घामेजलेले राहतात, वरच्यांची वाफ खालच्यांवर. एका वेळी एकच जाळी. संध्याकाळी पाचला सुरुवात केली, प्रत्येक घाणा १८ मिनिटं भाजून बाहेर काढला आणि वर्तमानपत्रावर न ठेवता तारेच्या चाळणीवर मोकळा पसरला. आठ वाजता माणसं जमली तसतसा एकेक घाणा परत सात मिनिटं. हा दुसरा भाजा फार महत्त्वाचा आहे. मधल्या वेळात आतली ओल बाहेरच्या थरापर्यंत आलेली असते, ती दुसऱ्या खेपेत निघून जाते आणि थर पहिल्यापेक्षा खणखणीत होतो. प्लगमध्ये लावायच्या मीटरवर दिवसभराची वीज २.४ युनिट झाली.

पहिला घाणा गच्चीवर गेला आणि एका काकूंनी प्रेमानं, थंडीत निवायला नकोत म्हणून, स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं. मी दुसरा घाणा घेऊन वर पोहोचेपर्यंत दहा मिनिटं झाली असतील. झाकण काढलं तर आतून पाण्याचे थेंब लोंबकळत होते आणि तुरे उकडल्यासारखे. चव होती, पण आवाज गेला होता. ते ३८ तुरे मी खाली नेऊन परत आठ मिनिटं भाजले, तीन चतुर्थांश तरी सुधारले. नंतरचे तिन्ही घाणे जाळीसकट ताटावर ठेवून वर नेले आणि उघडेच ठेवले. सोबत पुदिन्याची चटणी आणि लसणाची लाल चटणी दह्यात कालवून. सौ.नं पहिला तुरा तोंडात टाकला तेव्हा तो चावल्याचा आवाज मला शेजारी उभं राहून ऐकू आला. तिनं दुसरा उचलला आणि म्हणाली, “रंग नाही, पण हेच खायचं होतं मला.” मला त्या रात्री याहून जास्त काही नको होतं.

शेजाऱ्यांकडे ४ लिटरचा एअर फ्रायर आहे, त्यात करून पाहिले. खरं सांगायचं तर एका घाण्यापुरता तो ओटीजीपेक्षा सरस आहे. जागा लहान आणि वारा जोरात, त्यामुळे १४ मिनिटांत तुरे तयार. पण १२-१५ च्या वर मावत नाहीत, आणि टोपली हलवली की पोह्यांचा थर गळतो. घरात दोघंच असाल तर तो घ्या. घरी दहा माणसं येत असतील तर ओटीजी.

ट्रे सोडला तर तक्रार एकच, पण ती लिहायलाच हवी. आठव्या महिन्यात आतला दिवा गेला. वॉरंटीत होता. तीन वेळा फोन, दोन वेळा ‘उद्या माणूस येईल’, आणि दिवा बदलायला २२ दिवस. तेवढे दिवस मी टॉर्च धरून काचेतून रंग बघत होतो. दिव्याशिवाय या ओव्हनमध्ये फ्लॉवर करणं अवघड आहे, कारण बदामी ते करपलेला यात दोन मिनिटांचाच फरक. ज्या दुकानातून घ्याल तिथे दुरुस्तीचा माणूस गावात आहे का, की दुसऱ्या शहरातून येतो, हे आधी विचारा. टायमरवर ‘टिंग’ वाजल्यावर कॉइल बंद होते, पण आत उष्णता बराच वेळ राहते, त्यामुळे तुरे तसेच आत ठेवून गप्पा मारत बसू नका.

पाचपैकी चार गुण देतो. एक त्या ट्रेचा आणि बावीस दिवसांचा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सौ.नं ऐंशी तुरे सांगितलेत, फ्लॉवर येत्या बुधवारी आणायचाय.