स्पॅनिशवाल्यांनी इंग्रजीचा सराव कशावर करावा: ॲप, व्याकरणाचं पुस्तक की कार्डं?

दादाचं लग्न मेक्सिकन मुलीशी झालं आणि तेव्हापासून आमच्या घरात तीन भाषांची खिचडी आहे. वहिनी पुएब्लाची, शाळेत इंग्रजी शिकलेली पण बोलायची वेळ आली की गाडी अडते, आणि नाशिकला आईशी फोनवर बोलायचं तर दोघींच्या मधे इंग्रजीच. तिने मला विचारलं, रोज अर्धा तास काढते, पण नक्की कशावर घालवू? मग आम्ही तीन महिने वेगवेगळं काय काय करून बघितलं. तुमच्याकडे स्पॅनिश बोलणारी सून, जावई, शेजारी, कलीग कुणी असेल तर उपयोगी पडेल.

आधी एक सांगतो, जडजड शब्दांचं यांना टेन्शनच नसतं. 'नासियोन'चं नेशन, 'उनिवेर्सिदाद'चं युनिव्हर्सिटी, लॅटिनच्या कृपेने असे ढीगभर शब्द फुकटात मिळतात, जे आपण शाळेत घोकून घोकून पाठ केले. अडतं ते बारक्या शब्दांवर. गेट अप, गेट ओव्हर, पुट ऑफ, पुट अप विथ, यातलं काहीच स्पॅनिशवरून ओळखता येत नाही. त्यामुळे 'रोज दहा नवे शब्द' वगैरे सरसकट याद्या यांच्यासाठी निम्म्या वाया.

ॲपचं बघू. भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगो ॲपचा एक संस्थापक लुईस फॉन आन मूळचा ग्वाटेमालाचा, आणि स्पॅनिशमधून इंग्रजीचा कोर्स त्यात आहेच. सवय लावायला झकास, बसमध्ये, रांगेत, कुठेही होतं. पण एक गोची आहे जी आम्हाला महिन्याभराने कळली. स्पॅनिशमध्ये कर्ता गाळतात, पाऊस पडतोय हे नुसत्या क्रियापदावर भागतं, म्हणून वहिनी बोलताना 'इज रेनिंग' म्हणते. ॲपमध्ये मात्र शब्दांचे ठोकळे समोर असतात, त्यात 'इट' पण पडलेलं असतं, ती बरोब्बर उचलते आणि हिरवी टिक मिळवते. फोन खाली ठेवला की परत 'इज रेनिंग'. म्हणजे ओळखता येतं पण तोंडातून येत नाही.

व्याकरणाचं पुस्तक, म्हणजे डावीकडे नियम उजवीकडे स्वाध्याय टाइपचं, कंटाळवाणं आहे हे मान्य, पण तिथे रिकामी जागा स्वतः भरावी लागते आणि फरक तिथेच पडतो. फक्त पहिल्या पानापासून सुरू करू नका!! ही पुस्तकं अख्ख्या जगासाठी लिहिलेली असतात. 'अ' आणि 'द' मध्ये आपली मराठी माणसं आयुष्यभर धडपडतात, स्पॅनिशमध्ये मात्र आर्टिकल आहेतच, त्यांना एवढंच सांगायचं की 'द लाइफ इज ब्युटिफुल' मधला 'द' काढ. याउलट इन, ऑन, ॲट या तिघांना त्यांच्याकडे बहुतेक वेळा एकच 'एन', मेक आणि डू दोन्हीला 'आसेर', आणि वेट, होप, एक्स्पेक्ट तिन्हीला 'एस्पेरार'. हे धडे दोनदोनदा करावेत. प्रेझेंट परफेक्ट पण, कारण मेक्सिकोत साधा भूतकाळच जास्त चालतो, आणि 'आय लिव्ह हिअर सिन्स थ्री इयर्स' हे वाक्य काही केल्या जात नाही.

पुस्तक स्पॅनिशमधून समजावणारं घ्यावं की पूर्ण इंग्रजी? अगदी सुरुवात असेल तर स्पॅनिशमधलं. ए२ पातळी, म्हणजे युरोपियन मोजपट्टीवरची खालून दुसरी पायरी, पार झाली असेल तर इंग्रजीच घ्या, नाहीतर माणूस डोक्यात भाषांतरच करत बसतो.

कार्डं म्हणजे अँकी, एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर अशी कार्डं काही दिवसांनी परत परत विचारणारं ॲप. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे पडतात. दिसायला रुक्ष, पण माझं मत विचाराल तर शब्दांसाठी याच्यापुढे काही नाही, अट एकच, तयार डेक, म्हणजे दुसऱ्याने बनवलेला कार्डांचा गठ्ठा, उतरवायचा नाही. वहिनी फक्त स्वतःच्या चुकांची कार्डं करते, आणि अख्खं वाक्य लिहिते, सुटा शब्द नाही. फसवे शब्द सगळे तिथे गेले: 'आक्तुआल्मेंते' म्हणजे सध्या, ॲक्चुअली नव्हे. 'कार्पेता' म्हणजे फाइल, कार्पेट नव्हे. 'एम्बारासादा' म्हणजे गरोदर, एम्बरॅस्ड नव्हे. आणि 'मोलेस्तार' म्हणजे नुसता त्रास देणं, इंग्रजीत त्याचं काय होतं ते सांगायला नको.

गप्पा मारून सराव, इंतरकांबियो म्हणतात ते, समोरचा चुका दाखवणारा असेल तरच. आमच्याकडे त्याचा फज्जा उडाला, कारण आई आणि वहिनी दोघी 'यू ईट राइस?' असं नुसत्या सुरावर विचारतात आणि दोघींना शंभर टक्के कळतं, मग सुधारणार कोण :)

वहिनीचं सध्या असं चाललंय: वीस मिनिटं पुस्तकातला अडलेला धडा, दहा मिनिटं कार्डं, ॲप फक्त बसमध्ये. अगदी नवशिक्याला मी उलट सांगेन, पहिले दोन-तीन महिने ॲपच करा, पुस्तकाने घाबरून पळून जाल.

गेल्या आठवड्यात तिने अँकीत मराठीचा डेक उघडला. पहिलं कार्ड 'मला आवडतं'. स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता'ची रचना अगदी तशीच आहे, त्यामुळे ते एका फटक्यात पाठ झालं, आणि आता आईच्या प्रत्येक भाजीला तेच ऐकायला मिळतं, कारल्याला सुद्धा.