डायपरच्या रॅशसाठी झिंक ऑक्साइडचं मलम, चार महिने वापरून लिहितेय

आमच्या सासूबाई ८१ वर्षांच्या. शिमग्यात मागीलदारी घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं पण उठबस काही परत आली नाही, मग मोठ्या माणसांचे डायपर चालू केले. आम्ही आचऱ्याला राहतो, समुद्र जवळ, एप्रिल-मेमध्ये नुसतं बसलं तरी अंग चिकट होतं, त्यात चोवीस तास डायपर, आठवड्याभरात जांघा आणि बसायची जागा लालभडक. डायपर सोडला की म्हणायच्या, "मिरसांग (मिरची) लागल्यासारख्या वाटता गो." ऐकून माझ्या पोटात कालवायचं.

सुरुवातीला मी सगळं उलटंच केलं. गरम पाण्यात जंतुनाशकाचं एक बूच टाकून पुसायचे, दर वेळी साबण लावायचे, वर भरपूर पावडर. पावडर ओली झाली की जांघेत तिचे गोळे होतात आणि तेच घासतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मग एका मेडिकलवाल्याने न बघताच एक मलम दिलं. दोन दिवस एकदम बरं वाटलं आणि नंतर लाली दुप्पट पसरली. नंतर कळलं त्यात तीन औषधं एकत्र होती आणि त्यातलं एक स्टिरॉइड होतं. बुरशीवर स्टिरॉइड लावलं तर वरवर लाली कमी दिसते पण आत बुरशी वाढतच राहते, आणि डायपरसारख्या बंद जागेत ते जास्तच शोषलं जातं, कातडी पातळ होते. प्लीज, असलं तीन औषधं एकत्र असलेलं मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

शेवटी कणकवलीला स्किनच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नीट समजावलं. लघवी कातडीवर राहिली की तिच्यातून अमोनिया तयार होतो, त्याने कातडीचा नेहमीचा आंबटपणा जातो, आणि त्यात संडास लागली तर तिच्यातले पाचक रस कातडीच सोलायला लागतात. म्हणून संडास झाली की त्याच मिनिटाला बदलायचं, डायपर अजून भरला नाही म्हणून थांबायचं नाही. जांघेच्या घडीत लाल आणि कडेला सुटे सुटे लाल ठिपके होते ती बुरशी, त्यासाठी क्लोट्रिमाझोल दिलं, ते आधी पातळ चोळायचं आणि ते जिरलं की वर झिंकचा थर. शुगरही तपासायला सांगितली कारण शुगर वाढलेली असेल तर बुरशी परत परत येते.

आता मलमाबद्दल. लहान बाळांच्या रॅशसाठी मिळतं तेच, बिनवासाचं, २० टक्के झिंक ऑक्साइडचं मी घेतलं. हे औषध म्हणून काम करत नाही, भिंत म्हणून करतं, म्हणजे ओल आणि कातडीच्या मध्ये उभं राहतं. त्यामुळे ओल्या कातडीवर लावलं तर ओल आतच कोंडली जाते आणि मलम फुकट. पावसाळ्यात आमचं सगळं इथेच अडलं. टॉवेल पडवीत दोन दिवस टांगला तरी दमटच, कुबट वास. मग मी सासूबाईंचीच दोन जुनी सुती लुगडी फाडली, हाताएवढे तुकडे केले, उकळून चुलीच्या वर दोरीवर वाळवले. कोमट साध्या पाण्याने पुसायचं, मग त्या तुकड्याने टिपायचं, घासायचं नाही, मग पाच मिनिटं वारा लागू द्यायचा, लाइट गेली असेल तर हातपंख्याने. मगच मलम, कातडी पांढरी दिसेल इतकं. पुढच्या वेळी सगळं खरवडून काढायचं नाही, फक्त घाण झालेला वरचा थर कापसाला खोबरेल तेल लावून हलकेच काढायचा आणि वरून परत लावायचं. हे कळल्यापासून चौथ्या दिवशी लाली उतरली, सहाव्या की सातव्या रात्री त्या पहिल्यांदा सलग झोपल्या. सकाळी म्हणाल्या, "आज जळजळ नाय गो." मला रडूच आलं.

व्हॅसलीन पण वापरून बघितलं, स्वस्त आहे, पण जास्त झालं की डायपरच्या आतल्या कापडावर बसतं आणि लघवी शोषलीच जात नाही, त्यामुळे लावलं तर अगदी पातळ.

डायपरचं पण सांगते. पँटसारखा नको, झोपलेल्या माणसाला टेपवालाच बरा, कूस वळवून बदलता येतो. कंबर आणि नितंब दोन्ही मोजपट्टीने मोजा, आम्ही "मोठा असलेला बरा" म्हणून एक साइज मोठा आणत होतो, तो बाजूने गळायचा. दर दोन-तीन तासांनी ओला झाला का बघायचं, रात्री एकदा उठायचंच. दुपारी जेवणानंतर तासभर डायपर सोडून खाली अंडरपॅड (ओल शोषणारा जाड कागदी तुकडा) घालून झोपवते, दार लावून घेते, कारण त्यांना लाज वाटते आणि ती वाटणारच. अजून एक, लघवी होऊ नये म्हणून त्यांनी पाणीच कमी केलं होतं, माझ्या उशिरा लक्षात आलं. लघवी घट्ट झाली की जळजळ वाढते आणि इन्फेक्शनची भीती. आता पेज, ताक, शहाळं, काहीतरी पोटात जातंच.

माकडहाडावर, खुब्यावर लाल दिसलं तर बोटाने दाबून बघा. लाली पांढरी होत नसेल तर ती बेडसोअरची (एकाच जागी पडून दाबाने होणाऱ्या जखमेची) सुरुवात, तिथे मलमावर विसंबू नका, कूस बदलत राहा आणि डॉक्टरांना लगेच दाखवा. कातडी फुटली, पाणी किंवा पू आला, ताप आला तरी तेच.

मलमाबद्दल तक्रारी दोन. चादरीवर लागलं तर डाग साध्या धुण्याने जात नाही, आणि थंडीच्या सकाळी मलम इतकं घट्ट होतं की ट्यूब तळहातात धरून गरम केल्याशिवाय पसरत नाही, जोर लावला तर त्यांना दुखतं. महिन्याला मला दोन ट्यूब लागतात, मेडिकलमध्ये आधी सांगून ठेवते कारण पावसात माल कधी येईल सांगता येत नाही. पाचपैकी चार.