गिटारची घरघर: तांब्याची पट्टी, आयसोलेटेड सप्लाय आणि नॉइज गेट पावसाळाभर वापरून

सिंगल कॉइलची (तारांचा कंप पकडणाऱ्या प्रत्येक पिकअपमध्ये एकच वेटोळं असलेली) स्ट्रॅट पद्धतीची गिटार, २० वॅटचा ट्रान्झिस्टर अँप, चार पेडल, रेकॉर्डिंगला लॅपटॉप. जागा डोंबिवलीतल्या एका जुन्या इमारतीत. ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारं पेडल) दाबला की वाजवण्याआधीच घरघर सुरू. त्यावर तीन वस्तू घेतल्या: गिटारच्या आत लावायची तांब्याची पट्टी, प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणारा आयसोलेटेड सप्लाय आणि वाजवणं थांबलं की आवाज बंद करणारा नॉइज गेट. पहिल्या दोन रोज वापरात आहेत. पण सगळ्यात जास्त फरक पडला तो म्युझिकच्या दुकानात न मिळणाऱ्या गोष्टीने, म्हणजे अर्थिंगने.

तारांना हात लावला की मुंग्या यायच्या, म्हणून आधी बोर्डच तपासला. फेज-न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास, फेज-अर्थही साधारण तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट, असं मीटरवर दिसायला हवं. माझ्याकडे फेज-अर्थचा आकडा एका जागी थांबेचना. वायरमनने बोर्ड उघडला तर तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच नाही! अशा वेळी अँप किंवा चार्जरमधल्या फिल्टर कपॅसिटरमधून थोडा करंट चॅसिसवर (आतल्या धातूच्या सांगाड्यावर) येतो आणि तिथून तारांवर. मीटरवर शंभरेक व्होल्ट दिसतात, करंट मात्र नगण्य, म्हणून नुसत्या मुंग्या. अँपच्या आत काही बिघडलं तर हेच जिवावर बेततं. १९७२ साली स्वान्सीमध्ये स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी अर्थ नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. त्यामुळे ‘अर्थची पिन काढून टाक, हम जाईल’ असं सांगणाऱ्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावं. मेन बोर्डपासून नवी हिरवी वायर ओढून घेतली, सोबत ३० मिलीअँपची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवली. मुंग्या गेल्या, घरघरही बरीच उतरली.

राहिलेल्या आवाजात दोन जाती होत्या. एक खर्जातला ‘गूं’, ५० हर्ट्झचा, जी स्वराच्या किंचित वर. दुसरा टोचणारा ‘झीं’. तांब्याची पट्टी फक्त दुसऱ्यावर चालते. पिकगार्डच्या मागे आणि आतल्या खोबणीत ती लावली, आणि सगळे तुकडे एकमेकांना व ग्राउंडला जोडलेत ना, हे मीटरच्या बीपवर तपासलं. चिकटवायचा गोंदही वीज वाहून नेणारा असलेली पट्टीच घ्या, नाहीतर प्रत्येक सांध्यावर डाख द्यावा लागतो. जॅकचं टोक तांब्याला टेकलं तर आवाजच बंद होतो, तिथे इन्सुलेशन टेप हवी. गिटार उघडलीच आहे तर तार ते जॅकची बाहेरची बाजू हा रेझिस्टन्सही बघा, जवळपास शून्य यायला हवा. माझ्या गिटारमध्ये ट्रेमोलोच्या (तारांचा सूर हलवणाऱ्या दांडीच्या) स्प्रिंग धरणाऱ्या पंजाला जोडलेल्या ग्राउंड वायरचा डाख नुसता टेकलेला होता, ओढताच सुटला. नवीन गिटारमध्ये इतकं गचाळ काम बघून राग आला. पावसाळ्यात व्हॉल्यूम पॉटजवळ पट्टीची एक कड उचलली गेली, बाकी ठीक.

‘गूं’ मात्र चुंबकीय आहे, पातळ तांबं त्याला अडवत नाही. बसल्या जागी वळून बघा: दिशेप्रमाणे आवाज कमी-जास्त झाला तर तो पिकअपच पकडतोय. माझा मधला पिकअप उलट गुंडाळलेला आणि उलट चुंबकाचा असल्याने पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनला, म्हणजे मधला आणि शेजारचा एकत्र चालू असताना, हा आवाज मरतो. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये हमबकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप) केला तो याच तत्त्वावर.

‘झीं’चा उगम सापडला पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये. गोल फिरणारा, डिमरसारखा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर काढून टप्प्याटप्प्याचा कपॅसिटरवाला लावला. या अख्ख्या यादीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वसूल खर्च हाच. लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मात्र वाजवायचं नावच काढू नका.

आयसोलेटेड सप्लायबद्दल समाधानी आहे. आधी एकाच अडाप्टरवर माळेसारखी सगळी पेडल होती आणि डिजिटल डिले (प्रतिध्वनीचं पेडल) लावला की ‘चीं’ यायचं, ते पूर्ण गेलं. घेताना प्रत्येक आउटपुटचे मिलीअँप बघा. १०० चं आउटपुट ओव्हरड्राइव्हला पुरून उरतं, पण बऱ्याच डिजिटल पेडलना पुरत नाही.

नॉइज गेट घेतला नसता तरी चाललं असतं. वाजवताना तो काही साफ करत नाही, फक्त थांबल्यावर दार लावतो. थ्रेशोल्ड (ज्या पातळीखाली दार लागतं ती) जरा वर गेला की लांबवलेल्या स्वराचं शेपूट कापतो. हाय गेनवर तुटक रिफ वाजवणाऱ्यांना उपयोगी, मी बहुतेक वेळा बंदच ठेवतो.

लॅपटॉपवर रेकॉर्ड करताना चार्जर काढून बॅटरीवर चालवतो. अँपची लाइन आउट जोडायची असेल तेव्हा अँप आणि लॅपटॉप दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. ग्राउंड लूप (दोन वाटांनी ग्राउंड जोडला गेल्याने येणारी घरघर) तरीही राहिला तर डीआय बॉक्सचा (सिग्नल रेकॉर्डिंगला नेणाऱ्या डबीचा) ग्राउंड लिफ्ट वापरतो, तो सिग्नलच्या वायरीचा असतो, मेन्सच्या अर्थचा नाही.

मानेकडचा पिकअप एकटा लावला की अँपच्या ट्रान्सफॉर्मरजवळ अजूनही ‘गूं’ येतो, तेवढ्यापुरतं दोन हात लांब बसतो. त्याच मापाचे हम-कॅन्सलिंग पिकअप मिळतात, पण मित्राच्या गिटारवर ऐकले तेव्हा वरचा खणखणीतपणा थोडा दबलेला वाटला, त्यामुळे तूर्त घेत नाही.