कृष्णाकाठचं कार्यालय: जेवण झकास, लिफ्टची बोंब

पुतणीचा साखरपुडा सांगलीत कृष्णेकाठच्या एका कार्यालयात केला. हॉल वरच्या मजल्यावर, खाली नुसते खांब आणि पार्किंग. आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांवर गेलं की धोक्याची पातळी. २०१९ ला ते ५७ फुटांच्याही वर चढलं होतं. म्हणून मी भाडं विचारायच्या आधी जनरेटर कुठंय ते विचारलं. गच्चीवर आहे, मीटरही जिन्याच्या वरच्या टप्प्यावर. तिथंच निम्मा विश्वास बसला. तरी जुलै-ऑगस्टची तारीख धरणार असाल तर पूर आल्यावर ॲडव्हान्सचं काय, ते पावतीवर लिहून घ्या. "बघू की" वर जाऊ नका.

जेवण एक नंबर. भरली वांगी कृष्णाकाठचीच, देठापर्यंत मऊ शिजलेली, वर लालभडक तवंग. वाढपी न बोलावता परत फिरत होते. मठ्ठा तेवढा पाणचट.

लिफ्ट इवलीशी, त्यात केटरिंगची भांडी कोंबलेली. आत्याबाईंना पोरांनी खुर्चीसकट वर नेलं, त्या वरून दम देतायत! नदीकडची गॅलरी फोटोला भारी, पण दिवस मावळला की डास फोडून काढतात. साफसफाईचे पैसे बिलात शेवटी वेगळे लावले, ते आधीच बोलून घ्या.