बेरीच्या रोपांचा ‘कॉम्बो’: फसवणूक कशी होते आणि पहिल्याच दिवशी कशी पकडायची

रेड करंट, ब्लॅक करंट, ब्लूबेरी, रास्पबेरी आणि गूजबेरी. पाच रोपांचा संच, घरपोच, ‘कोणत्याही हवामानात येणारी, कुंडीत वर्षभरात फळ देणारी’. करंट म्हणजे थंड हवेतलं, आंबट-गोड दाण्यांचे घोस देणारं झुडूप. फोटोत लालचुटुक करंटचे घोस लोंबत असतात. अशा जाहिराती पाहून गच्चीवर बाग करणारी कितीतरी मंडळी पैसे भरतात आणि हाती भलतंच काही येतं. ही फसवणूक चालते ती वेळेच्या जोरावर. बेरीच्या झुडपाला नीट फळ धरायला दोन-तीन वर्षं लागतात आणि माल परत करायची मुदत असते सात किंवा दहा दिवसांची. रोप दुसरंच होतं हे फळ लागल्यावर कळतं, तोवर विक्रेत्याने दुकानाचं नावही बदललेलं असतं. म्हणून पारख करायची ती खोका उघडला त्या दिवशी, आणि ती फळाविना करता येते.

पुण्यातल्या एका गच्चीवर आलेला असाच एक संच पाहा. पाच पिशव्या, प्रत्येकीवर छापील चिठ्ठी. ‘ब्लॅक करंट’ म्हणून आली होती तुती. ‘रेड करंट’ म्हणून करवंद. ‘ब्लूबेरी’च्या पिशवीत जांभळाचं वीतभर रोप आणि ‘गूजबेरी’च्या पिशवीत आवळा. रास्पबेरी तेवढी खरी होती. एखादं रोप खरं पाठवायचं ही रीतच आहे, कारण ते ओळखणाऱ्या माणसाचा बाकीच्या चारांवरही विश्वास बसतो. विचारणा केली तर उत्तरही तयार असतं: आवळ्याला इंग्रजीत इंडियन गूजबेरी म्हणतात, करवंदाला बेंगाल करंट. नाव खोटं नाही, मग तक्रार कसली? पण जाहिरातीतला फोटो युरोपातल्या रेड करंटचा होता आणि पैसे त्या फोटोचे घेतले होते.

आता पारख. सर्वांत आधी फांदीवर पानं कशी लागली आहेत ते बघा. करंट, युरोपातली गूजबेरी, ब्लूबेरी, रास्पबेरी या सगळ्यांची पानं एकाआड एक येतात: एक डावीकडे, त्याच्या थोडं वर दुसरं उजवीकडे. करवंद, जांभूळ आणि सुरीनाम चेरी (लाल फळांचं एक झुडूप) यांची पानं समोरासमोर, जोडीजोडीने येतात. एवढ्या एका तपासणीत सर्रास पाठवली जाणारी तीन झाडं बाद होतात. मग एक पान देठापासून तोडून देठाच्या टोकाकडे पाहा. पांढरा चीक आला तर ते करंट नाही. तुतीलाही चीक येतो आणि करवंदालाही. तुतीच्या बाबतीत ही खूण फार कामाची, कारण कोवळ्या तुतीचं पान तीन-पाच खाचांचं, दातेरी कडेचं असतं आणि लांबून करंटसारखंच दिसतं.

काळ्या करंटचं पान आणखी जवळून बघण्यासारखं आहे. ते उलटं करून उजेडात धरलं की खालच्या बाजूला बारीक पिवळसर ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. पान बोटांत चुरडलं की उग्र, जरा मांजराच्या मुतासारखा दर्प येतो. तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. लाल आणि पांढऱ्या करंटला हा वास नसतो. पांढरा करंट ही लाल करंटचीच फिकट फळांची जात, त्यामुळे पानावरून ती दोन वेगळी करता येत नाहीत. करंटच्या खाद्य जातींना काटे नसतात. काटे गूजबेरीला असतात, तेही पेराशी. करवंदाचा काटा जाड, टोकदार आणि बऱ्याचदा दुफाटा असतो. ब्लूबेरीचं पान साधं, लंबगोल, बिनखाचांचं. रास्पबेरीचं पान मात्र तीन, पाच किंवा जास्त पर्णिकांचं असतं आणि बहुतेक जातींत खालून पांढुरकं.

दुसरी लबाडी मुळांची. तुतीची काडी ओल्या मातीत खोचली की मुळं फुटायच्या आधीच तिच्यातल्या साठ्यावर पानं येतात. दहा-बारा दिवसांची अशी काडी ‘वाढलेलं रोप’ म्हणून पाठवतात. वाटेतच ती मान टाकते आणि दोष कुरिअरवर जातो. ही काडी तुतीचीच असते असं नाही. बुंध्याला दोन बोटांनी धरून हलकेच वर ओढा. मुळं धरलेलं रोप मातीच्या गोळ्यासकट उचललं जातं, नुसती काडी सुटून हातात येते. पिशवीच्या खालच्या भोकांतून पांढरी मुळं डोकावत असतील तर उत्तम. फळं लगडलेलं रोप विकायला ठेवलेलं असेल तर फळाचा देठ फांदीतून निघाला आहे की तार, धागा किंवा डिंकाने जोडला आहे, ते भिंग घेऊन बघा.

यापेक्षा पकडायला अवघड प्रकार म्हणजे रोप अगदी खरं असणं. हिमाचलातून किंवा काश्मिरातून करंटचं अस्सल रोप हिवाळ्यात उघड्या मुळांचं, म्हणजे मातीच्या गोळ्याविना येतं, मार्चमध्ये पालवतं, घरातले खूश होतात. एप्रिल-मेच्या उन्हात पानांच्या कडा करपतात, पावसाळ्यात मुळं कुजतात आणि दुसऱ्या वर्षी बरेच डोळे (फांदीवरचे मिटलेले कोंब) फुटतच नाहीत. खोटं असतं ते ‘कोणत्याही हवामानात येणारी’ हे वाक्य. करंटला सुप्तावस्था मोडायला थंडी लागते. काळ्या करंटच्या बहुतेक जातींना ७ अंश सेल्सियसच्या खाली साधारण ८०० ते १५०० तास हवे असतात. पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा ८-१० अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी २८-३० वर चढतो. निफाडकडे एखाद्या लाटेत तो ५ च्याही खाली जातो, पण ते चार-सहा रात्रींतले काही तास. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर असलं तरी तिथेही हा हिशेब पुरा होत नाही. शिवाय दुपारच्या उबेने रात्री जमा झालेली थंडी काही अंशी पुसली जाते. पहिल्या वर्षी रोप पालवतं ते मूळ जागी मिळालेल्या थंडीवर. दुसऱ्या वर्षी ती शिदोरी नसते.

‘कुंडीत रोज बर्फ टाका, फळ येईल’ हा सल्ला अशा रोपाबरोबर हमखास मिळतो. थंडी मोजतात ते फांदीवरचे डोळे, मुळं नव्हेत. बर्फाने मुळांना धक्का बसतो आणि डोळ्यांना काहीच कळत नाही.

बियांच्या पाकिटांबद्दल थोडक्यात: घेऊच नका. करंटचं बी रुजण्याआधी ओलसर माध्यमात ०-५ अंशांवर तीन-चार महिने ठेवावं लागतं आणि ते उगवलं तरी फळ मूळ झाडासारखं येईल याची खात्री नाही. म्हणूनच करंटची लागवड सगळीकडे काडीच्या कलमाने होते. निळे, जांभळे, गुलाबी, पिवळे दाणे एकाच घोसात दाखवणारी ‘रेनबो’ पाकिटं म्हणजे संगणकावर रंगवलेला फोटो. किराणा दुकानातल्या काळ्या मनुका ‘ब्लॅक करंट’ या नावाने विकल्या जातात, पण त्या द्राक्षाच्या. त्यातून करंट उगवायचा प्रश्नच येत नाही.

ब्लूबेरीची गोष्ट जरा वेगळी, कारण कमी थंडीच्या जाती खरंच आहेत. बिलॉक्सी, मिस्टी, शार्पब्लू या जाती उबदार भागात फळ देतात. इथे फसवणूक जातीच्या नावात होते. चिठ्ठीवर नुसतं ‘ब्लूबेरी’ असेल तर ते रोप घेऊ नये, कारण थंड प्रदेशातली जात इथे नुसती पानं दाखवत राहील. खरी जात मिळाली तरी माती आम्लधर्मी, ४.५ ते ५.५ सामूची (पीएचची) लागते आणि आपली काळी माती बहुधा ७.५ च्या वर असते. १५-१६ इंचांची कुंडी घ्या, तिच्यात धुऊन क्षार काढलेलं कोकोपीट, पाइनच्या सालीचे तुकडे आणि परलाइट भरा, मातीचा कण नको. बोअरचं जड पाणी घातलं की सामू महिन्या-दोन महिन्यांत वर सरकतो आणि नवी पानं पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहतात. शक्यतो साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. खत अमोनियम सल्फेटचं, कुंडीला चिमूटभर, महिन्यातून एकदा. ‘ब्लूबेरी स्पेशल पावडर’ म्हणून रोपाबरोबर गळ्यात मारतात ते बहुतेक वेळा साधं गंधक असतं. ते वाईट नाही, पण मातीतल्या जिवाणूंनी त्याचं आम्ल करायला आठवडे, महिने लागतात. आज टाकलं आणि उद्या सामू उतरला असं होत नाही. सामू मोजायला दोन काट्यांच्या स्वस्त मीटरवर विसंबू नका.

झुडपावरची बेरीच हवी असेल तर आपल्या हवेत बिनतक्रार येणारी झाडं आहेत, आणि त्यांना आंबट-गोड घोसांची सर नाही असं कुणी म्हणत असेल तर त्याने नीट पिकलेला फालसा खाल्लेला नाही. फालसा नव्या फुटीवर फळतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत गुडघा-कमरेएवढा ठेवून कडक छाटा. एप्रिल-मेमध्ये दाणे पिकतात, एकदम नव्हे, रोज थोडे. तुतीची पेन्सिलएवढी जाड, २०-२५ सेंटीमीटरची काडी पावसाच्या तोंडावर लावली की १८ इंची कुंडीतही फळते, आणि छाटणी केल्यावर नव्या फुटीबरोबर पुन्हा फळं धरते. करवंदाला कुंपणाची जागा द्या, झाडांत दीड-दोन मीटर अंतर ठेवा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळाची जात मागा आणि कलम घ्या, बियांची रोपं एकसारखी निघत नाहीत. रसभरीचं (रास्पबेरी नव्हे, कागदी वेष्टनातल्या पिवळ्या फळाचं) बी जून-जुलैत टाकून रोपं ६०-९० सेंटीमीटरवर लावली की हिवाळ्यात फळ मिळतं. म्हणजे वर सांगितलेल्या संचातली तुती आणि करवंद काही टाकाऊ झाडं नव्हेत. तीच खऱ्या नावाने, सरकारी रोपवाटिकेतून अगदी थोड्या पैशांत मिळाली असती.

ब्रिटन, जर्मनी, कॅनडात राहणाऱ्या मराठी मंडळींकडे करंट खरोखर सोपा आहे. तिथे लबाडीची जागा वेगळी. स्वस्तातला ‘करंट’ शोभेचा निघू शकतो: गुलाबी झुबक्यांचा फ्लॉवरिंग करंट किंवा कुंपणाचा अल्पाइन करंट. अल्पाइनमध्ये नर-मादी झाडं वेगळी असतात, नर झाड कधीच फळत नाही. त्यामुळे बेन लोमंड, बेन सारेक, योंखेर व्हान टेट्स असं जातीचं नाव आणि रोगमुक्त असल्याचा दाखला मागा. काळ्या करंटच्या काडीवर हिवाळ्यात काही डोळे टोकदार नसून गोल, वाटाण्यासारखे फुगलेले दिसले तर आत कोळी नावाची अतिसूक्ष्म कीड आहे. ती रिव्हर्जन नावाचा विषाणू पसरवते, मग झाड वाढतं पण फळणं थांबतं. असं रोप परत करा, बागेत ठेवूच नका. चांगलं रोप आलं तर काळा करंट रोपवाटिकेतल्या खुणेपेक्षा ५ सेंटीमीटर खोल लावा, म्हणजे जमिनीतून नवे धुमारे येतात, आणि उघड्या मुळांचं रोप लावल्यावर सगळ्या काड्या एक-दोन डोळ्यांवर छाटा. तो मागच्या वर्षीच्या काडीवर फळतो, म्हणून नंतर दर हिवाळ्यात सर्वांत जुन्या, काळपट काड्यांपैकी तिसरा हिस्सा बुडातून काढा. लाल करंट जुन्या लाकडावरच्या आखूड फुटींवर फळतो, त्याला ही छाटणी केली तर पीक जातं. अमेरिकेत मागवताना आधी आपल्या राज्याचा नियम बघा. पांढऱ्या पाइनच्या झाडांना होणारा तांबेरा रोग करंटवरून पसरतो, त्यामुळे तिथे करंटवर देशभर बंदी होती, ती १९६६ मध्ये उठली, तरी काही राज्यांत निर्बंध आजही आहेत आणि पैसे घेताना ते सांगायचे विक्रेते टाळतात.

पैसे भरण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचारा: शास्त्रीय नाव, जातीचं नाव, आणि रोप कलमाचं की बियांचं. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकेला १९६९ च्या कायद्याखाली परवाना लागतो, तो क्रमांकही मागा. उघड्या मुळांचं रोप डिसेंबर ते फेब्रुवारीतच घ्या. मे महिन्यात कुणी तसं पाठवत असेल तर नकार द्या. खोका फोडताना चिठ्ठीपासून मुळांपर्यंत सलग व्हिडिओ घ्या, आणि जाहिरातीचा फोटो त्याच दिवशी जपून ठेवा, तो नंतर बदलला जातो.

तक्रार आधी ज्या संकेतस्थळावरून घेतलं त्याच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करायची. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. नाहीच झालं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, आणि पुढे ई-जागृती पोर्टलवरून आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, मात्र दोन वर्षांची मुदत आहे. फळाची वाट बघत बसलात तर ती संपून जाते. दुकानच नव्हतं, नुसता समाजमाध्यमावरचा क्रमांक होता आणि पैसे यूपीआयने गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

तक्रारीत ‘रोप मेलं’ असं लिहू नका. जिवंत मालाची हमी नाही, असं एका ओळीत उत्तर येतं. ‘मागवलं रेड करंट, आलं करवंद, पानं समोरासमोर, देठातून पांढरा चीक, दुफाटे काटे’ असं लिहा, प्रत्येक खुणेचा फोटो जोडा, आणि निकाल लागेपर्यंत ते झाड चिठ्ठीसकट त्याच पिशवीत जगवून ठेवा.