ब्राउझरचं नवं नाव: साधा शब्द की जोडनाव?

फायरफॉक्सचा कोड घेऊन त्यात आपले बदल करायला कोणी अडवत नाही. नाव मात्र तो बनवणाऱ्या मोझिलाचं, त्यामुळे बदललेल्या ब्राउझरचं बारसं आपलं आपणच करायचं. आम्हा तिघांच्या छोट्या प्रकल्पात हे बारसं दोनदा झालं. एकदा रोजच्या बोलण्यातला शब्द घेतला, एकदा दोन शब्द जोडले.

साध्या शब्दाची ओढ मला कळते. लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या ग्नोम प्रकल्पानं २०१२ मध्ये 'एपिफनी' बाजूला ठेवून आपल्या ब्राउझरला सरळ 'वेब' म्हटलं. मेनूत ते देखणं दिसतं, अर्थ सांगत बसावं लागत नाही. पण 'वेब' बंद पडलं म्हणून मदत शोधायला जा, भलतंच काहीबाही पुढ्यात येतं. टर्मिनलमध्ये, म्हणजे जिथे आज्ञा टाइप करून प्रोग्रॅम चालवतात तिथे, तर 'एपिफनी'च टाइप करावं लागतं.

आम्ही ठेवलं होतं 'खिडकी'. रोमनमध्ये त्याची तीन स्पेलिंग झाली, तेही मी चालवून घेतलं असतं. हैराण केलं ते फोननं. मावशीचा कॉम्प्युटर मी लांबून सांभाळतो. "नवीन खिडकी उघड" म्हटलं की ती विचारायची, "दुसरी उघडू, की हीच बंद करून परत?" एकदा वैतागून म्हणालो, "आधी खिडकी बंद कर." ती उठली, आणि कडी सरकवून खरोखरची खिडकी लावल्याचा आवाज मला फोनवर आला. नाव बदलायचं त्याच दिवशी ठरलं.

आता जोडनावं. फायरफॉक्सचीच गोष्ट घ्या. सप्टेंबर २००२ मध्ये तो 'फिनिक्स' होता. बायॉस (कॉम्प्युटर सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्रॅम) बनवणाऱ्या फिनिक्स टेक्नॉलॉजीजशी ट्रेडमार्कवरून अडलं. एप्रिल २००३ मध्ये 'फायरबर्ड' केलं, तर त्याच नावाच्या डेटाबेसवाले चिडले. फेब्रुवारी २००४ मध्ये 'फायरफॉक्स' झालं तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. म्हणजे शब्द जोडले की सुटलो असंही नाही. आधी कोणी घेतलंय का ते बघावंच लागतं. डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीलाही पुढे याच मोझिलाच्या ट्रेडमार्कपायी २००६ पासून आपल्याकडच्या फायरफॉक्सला 'आइसवीझल' हे नाव चालवावं लागलं, ते २०१६ पर्यंत. फायरचं आइस, फॉक्सचं वीझल! गंमत गंमत म्हणून ठीक, पण वेबसाइटींनी ओळखावं म्हणून त्या ब्राउझरला आपल्या ओळखीत 'फायरफॉक्ससारखा' असं लिहावं लागायचं. थट्टेचं नाव ठेवणार असाल तर एवढं ध्यानात असू द्या.

आमचं दुसरं नाव 'मोरटोप'. ऐकायला थोडं विचित्र आहे, कबूल. भाच्याला ते इंग्रजी 'मोर टॉप' वाटतं. पण शोधलं की आमचाच ब्राउझर सापडतो, आणि फोनवर मावशीचा एकदाही घोळ झालेला नाही. तुमचे वापरणारे सगळे जाणकार असतील आणि फोनवर कोणाला काही सांगायची वेळ येत नसेल, तर साधा शब्दही चालून जाईल बहुधा. मी असतो तर नसता घेतला. ठरवण्याआधी डिस्ट्रोच्या (डेबियनसारख्या लिनक्स आवृत्तीच्या) पॅकेजांची, म्हणजे त्यात मिळणाऱ्या प्रोग्रॅमांची, यादी तेवढी चाळा. डेबियनमध्ये 'एपिफनी' नावाचा एक खेळ आधीपासून होता, म्हणून ब्राउझरचं पॅकेज 'एपिफनी-ब्राउझर' झालं.

आमच्याकडे प्रोफाइलचा फोल्डर, ज्यात वापरणाऱ्याचे बुकमार्क वगैरे राहतात, अजून 'खिडकी' नावाचाच आहे. तो बदलला आणि मावशीचे बुकमार्क दिसेनासे झाले, तर पुन्हा फोन येईल.