100 वरून 30 एमबीपीएसवर: धाब्याच्या घरातला 11 महिन्यांचा अनुभव

जुलै 2024 मध्ये मोबाइलचे रिचार्ज महागले, तेव्हा घरातले चार नंबर आणि घरचं नेट यांचा खर्च मी पहिल्यांदाच एका कागदावर मांडला. नेटचा आकडा सगळ्यात मोठा निघाला. 100 एमबीपीएसचा प्लॅन, 799 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला 943. जाहिरातीत 799 च दिसतात. खिशातून जातात ते 943, म्हणून प्लॅनची तुलना करताना कर धरूनच करायची.

मी जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला राहते आणि घरून छोट्या दुकानदारांचे जीएसटी रिटर्न भरते. घरात आप्पा आणि आई (सासू-सासरे), आम्ही दोघं, आठवीतली मुलगी आणि कॉलेजला असलेला पुतण्या. आम्हाला 100 ची गरज आहे का, हे बघायला आठ दिवस रोज संध्याकाळी किती नेट एकाच वेळी लागतं ते लिहून ठेवलं. टीव्हीवर फुल एचडी चित्र चालायला साधारण 5 एमबीपीएस पुरतात, व्हिडिओ कॉलला तीन-चार. रिटर्नच्या पोर्टलला तर फार थोडं लागतं. सगळे एकदम बसले तरी आमची बेरीज 20 च्या वर गेली नाही. ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका स्थानिक केबलवाल्याकडून 30 चा फायबर घेतला: 399 अधिक कर, म्हणजे 471. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले म्हणून जोडणीचा खर्च लागला नाही.

आता खरी गोष्ट. 30 घेतल्यावर पहिल्या आठवड्यात घरातले सगळे म्हणाले, नेट स्लो झालं. मी लॅपटॉपला थेट लॅनची वायर लावून तपासलं तर 31 येत होते. म्हणजे नेट घरापर्यंत पूर्ण येत होतं, घरात आल्यावर हरवत होतं. आमच्या घराचा पुढचा भाग जुनं धाबं आहे, म्हणजे मातीचं सपाट छत आणि दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती. मागे स्लॅबच्या दोन खोल्या, वर पत्र्याची एक खोली. खांबावरून वायर आणायला सोपं म्हणून केबलवाल्याच्या माणसाने बॉक्स (फायबरचा मोडेम-राउटर) वर पत्र्याच्या खोलीत, लोखंडी कपाटामागे ठोकून दिला होता. तिथून धाब्यात 5 गिगाहर्ट्झचं (वेगवान पण जवळच पोचणारं) वायफाय पोचायचंच नाही आणि लांब जाणाऱ्या 2.4 वर जेमतेम 3-4 एमबीपीएस मिळायचे. आधीच्या 100 च्या प्लॅनमध्येही बॉक्स त्याच खोलीत होता. म्हणजे दोन वर्षं आम्ही 100 चे पैसे भरून खाली बसून त्याचा तुकडाच वापरत होतो, आणि याचं मला खरंच वाईट वाटलं.

मग बॉक्स खाली धाब्यात आणून घेतला. तिथून 22 मीटर कॅट-6 वायर भिंतीच्या कडेने मागच्या खोलीत नेली आणि जुन्या कनेक्शनचा पडून असलेला राउटर तिथे लावला. जुना राउटर असा वापरायचा असेल तर त्यातलं डीएचसीपी (मोबाइल-लॅपटॉपला नेटवर्कचे पत्ते वाटायचं काम) बंद करायचं, वायर त्याच्या वॅन (बाहेरून नेट घ्यायच्या) भोकात न लावता लॅन भोकात लावायची आणि वायफायचं नाव-पासवर्ड दोन्हीकडे तेच ठेवायचं. मोबाइल जवळचं पकडतो. 2.4 साठी एकावर 1 आणि दुसऱ्यावर 11 नंबरचं चॅनल ठेवलं, म्हणजे दोन्ही एकमेकांत घुसत नाहीत. वायर आणि कनेक्टर धरून 640 रुपये लागले. त्यानंतर आजपर्यंत ‘नेट स्लो आहे’ हे वाक्य घरात ऐकलेलं नाही.

दुसरा खर्च मिनी यूपीएसचा (लाइट गेल्यावर बॉक्स चालू ठेवणारी छोटी बॅटरी), 1350 रुपये. आमच्याकडे लाइट जाण्याचं कौतुक नाही, आणि 20 तारखेला 3बी (महिन्याचं जीएसटी रिटर्न) भरायची शेवटची मुदत असते. घेताना बॉक्सच्या अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या. आमचा 12 व्होल्ट, दीड अँपिअर आहे. नवा असताना चार तास चालला. यूपीएस मात्र मी बरेच महिने वरच्याच खोलीत ठेवला होता, लांब वायर टाकून, कारण खाली प्लग मोकळा नव्हता. ही माझी चूक. एप्रिल-मे मध्ये खानदेशात पारा 44-45 वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. लिथियमच्या बॅटरीला उष्णतेसारखा दुसरा वैरी नाही. 20 मे च्या संध्याकाळी लाइट गेली, माझे तीन रिटर्न बाकी होते आणि यूपीएस सव्वा तासात बंद पडला. उरलेले मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भरले. दुसऱ्याच दिवशी वेगळा प्लग काढून यूपीएस धाब्यात बॉक्सशेजारी ठेवला. ज्या मातीच्या भिंती वायफाय अडवतात त्यांनीच त्याला थंड ठेवलं, आता अडीच तास मिळतात. नव्यासारखे चार तास परत येत नाहीत, पण उतरणं मंदावलं.

फायबरच्या बिघाडाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पैसे यातही वाया जातात. आमच्या भागात वायरी खांबांवरून लोंबतात. केळीचे घड भरून उंच झालेल्या गाड्या त्यांना ओढतात, आणि मृगाच्या आधीच्या वादळात तर बागा आणि वायरी सोबतच आडव्या होतात. बॉक्सवर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला की बॉक्स चालू-बंद करत बसू नये, बिघाड बहुतेक वेळा बाहेरच्या वायरीत असतो. मी दिव्याचा फोटो काढून वेळेसह पाठवते आणि तक्रारीचा नंबर मागून घेते. जूनमध्ये तीन दिवस नेट बंद होतं, त्या नंबरावर तीन दिवस मुदत वाढवून मिळाली. मागितल्याशिवाय ती मिळाली नव्हती.

एकदा दिवा हिरवा असूनही नेट सारखं तुटायचं. वायरमन आला, वायरीतून प्रकाश किती पोचतो ते मोजणारा मीटर लावला तर आकडा उणे 26 (उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). म्हणाला, “वहिनी, 27 च्या पुढे गेला की गेलंच समजा.” त्याने हिरवं कनेक्टर काढून कापडाने पुसलं, कपाटामागे दुमडलेली वायर मोठ्या वेटोळ्यात सोडली आणि आकडा उणे 19 वर आला. नवीन बॉक्सचे पैसे सांगायच्या आधी हा आकडा दाखवायला सांगा. तो मीटर बहुतेक वायरमनच्या पिशवीत असतो.

मोबाइलवरची बचत नेटपेक्षा सोपी निघाली. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने (टेलिकॉम कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) नियम केला की कंपन्यांनी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅकही ठेवले पाहिजेत. आईंना कीर्तन ऐकायला घरचं वायफाय पुरतं, म्हणून त्यांना वर्षभराचा कॉलचा पॅक टाकला. बाहेर गेल्यावर त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप बंद असतं, हे त्यांना आधी नीट समजावून सांगितलं. पुतण्याचा आणि आमचा पॅक कमी डेटाचा केला. धाब्यात मोबाइलची रेंजच येत नाही, तिथे सेटिंगमधून वायफाय कॉलिंग चालू केल्यावर कॉल तुटणं थांबलं. आप्पा रोज सकाळी तिथेच खाटेवर बसून रावेर आणि बुऱ्हाणपूरचे केळीचे भाव बघतात. लाइट नसली तरी विचारतात, “नेट आहे का व? भाव पाह्य बरं.” आणि आता ते असतं.

30 कुठे कमी पडतं? 30 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त पावणेचार एमबी, कारण आठ बिटांचा एक बाइट. पुतण्याचा 50 जीबीचा गेम उतरायला पावणेचार तास लागले, तो आता रात्री लावून झोपतो. रोज मोठे व्हिडिओ चढवणाऱ्यांनी जास्त वेग घ्यावा, त्यांना तो लागतोच. महिन्याच्या 3300 जीबी मर्यादेची भीती मात्र नको. आमचा वापर अडीचशे-तीनशेच्या पुढे गेलेला नाही.

दुकानदारांसाठी एक सांगते: जीएसटी नोंदणी असेल आणि कंपोझिशनमध्ये (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायच्या योजनेत) नसाल, तर दुकानाच्या नेटचं बिल आपल्या जीएसटी नंबरावर मागा. त्या 18 टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढा कर आपल्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो. माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांनी ते कधी मागितलंच नव्हतं.

हिशोब असा: महिन्याला 472 प्रमाणे 11 महिन्यांत 5192 वाचले, वायर आणि यूपीएसमध्ये 1990 गेले, हातात 3202 राहिले. मोबाइलचे यात धरलेले नाहीत. फेब्रुवारीत मुदत संपली तेव्हा ‘तो प्लॅन आता बंद झाला’ म्हणून 599 चा गळ्यात मारायचा प्रयत्न झाला. मी पहिल्या पावतीचा फोटो दाखवला आणि नाहीतर कनेक्शन काढा म्हटलं, तेव्हा 399 च लागला. ती पावती मी जपून ठेवली आहे, ऑगस्टमध्ये पुन्हा लागणार आहे.